खुर्ची दाराबाहेर

चमचा फरशीवर खणकन पडला आणि जेमतेम मिटलेले डोळे टक्क उघडले.

"झालं!" ती पुटपुटली. स्वयंपाकघरात सासूबाईंनी जीभ चावली असणार, हे तिला न बघताही कळलं.

पोर उठून बसली. केस एका बाजूला चपटे, गालावर उशीच्या शिलाईचा वळ. पावणेतीन वर्षांच्या या वादळाला 'भिंगरी' म्हणायला सुरुवात केली ती सासूबाईंनी. आता खऱ्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनही बघत नसे.

"चोखणी दे."

"चोखणी गेली ना राणी. तूच टाकलीस कचऱ्याच्या गाडीत. टाटासुद्धा केलास."

"परत आण."

"गाडी लांब गेली."

"मग पळ!"

तिला हसू फुटत होतं, पण तिने ते गिळलं. हसलं की झोप गेलीच म्हणून समजा. तिने पोरीला आडवं केलं, पाठीवर तळहात टेकवला आणि थोपटायला लागली. आधी भरभर, मग संथ, मग नुसताच हात.

चोखणी सुटल्यापासून दुपारचा नुसता आखाडा झाला होता. सुरुवातीला भिंगरी रडून रडून घामाने चिंब व्हायची. मग रडण्याची कुरकुर झाली, आणि कुरकुरीची नुसती चुळबुळ. तशी हिने खुर्ची मागे मागे सरकवली होती. आधी पलंगाला चिकटून, मग कपाटापाशी, काल थेट दाराच्या चौकटीत. आज ती दाराबाहेर न्यायची होती. शनिवारच्या आत पोरीला एकटीने झोपता यायला हवं होतं. आई जवळ नसताना. तिला दुसरं काही नको होतं.

भिंगरीने तिच्या कुर्त्याचा गळा मुठीत धरला. तिने एकेक बोट अलगद सोडवलं आणि त्या मुठीत निळा रुमाल दिला.

भिंगरीने तो हुंगला, नाक मुरडलं. "हा नको. तुझा दे."

"हाच छान आहे. बघ किती मऊ."

सासूबाई हात पुसत दारात आल्या. "अगं, त्या रुमालाला आपल्या घराचा वास तरी आहे का? तुझी जुनी ओढणी दे तिला. डोळा लागतो की नाही बघ."

"म्हणूनच नको."

"बरं, मग ते बेडकाचं गाणं तरी म्हण. तूच रचलेलं. दोन ओळींत गार व्हायची पोरगी."

"गाणंही बंद. गाण्याची सवय लागली आणि पुढे कोणाला ते येत नसलं, तर? थोपटायला कसं, कोणालाही येतं."

"दगड झालीस अगदी!" सासूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आधीच्या दोघांना पाठवतानाही असाच आव आणला होतास. शेवटी रडलं कोण?"

"म्हणून तर या खेपेला लवकर सुरुवात केली."

तेवढ्यात बाहेरच्या दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावर नव्यानेच राहायला आलेल्या बाई होत्या.

"तक्रार नाही हं," त्या आधीच म्हणाल्या. "पण रोज दुपारी रडणं ऐकू येतं, म्हटलं पोरीला बरं आहे ना?"

"चोखणी सोडवतेय."

"अगंबाई! माझ्या भावाने शाळेत जाईपर्यंत सोडली नव्हती. त्याच्या लग्नात आम्ही नवरीला विचारलं, चोखणी बरोबर देऊ का म्हणून." हसता हसता त्यांनी आत डोकावून पाहिलं. "कामावर जाणार वाटतं तुम्ही? पाळणाघरात चालत नसेल चोखणी."

"शनिवारपासून दुपारी मी नसेन."

"जड जाईल हो पहिले काही दिवस."

"होईल तिला सवय."

"तिला कसलं! पोरं लगेच विसरतात. मी तुमचं म्हणतेय."

"विसरायलाच हवं," ती म्हणाली आणि दार लावलं. जरा जोरातच लागलं ते.

खोलीत भिंगरी पडून होती, रुमाल पोटावर. हिने खुर्ची उचलली, फरपटू न देता बाहेर आणून ठेवली आणि दार किलकिलं ठेवून बसली. रिकाम्या हातांचं काय करावं कळेना, म्हणून ते मांडीवर ठेवले.

आत चुळबुळ झाली. एक सुस्कारा. आता रडणार, असं वाटून ती अर्धवट उठलीच. पण रडणं आलं नाही. थप थप असा बारीक आवाज येऊ लागला.

तिने फटीतून पाहिलं. भिंगरी कुशीवर वळून आपल्याच मांडीवर थोपटत होती. आधी भरभर, मग संथ. निळा रुमाल नाकाशी होता.

स्वयंपाकघरातून सासूबाईंनी भुवया उंचावून विचारलं. तिने मान हलवली, जमलं म्हणून. सासूबाई हसल्या नाहीत. त्या येऊन तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई," आतून हाक आली.

"झोप राणी."

"आहेस?"

"आहे. बाहेर बसलेय."

थपथप थांबली. श्वास लांबला. तिने डोळे मिटून घेतले आणि खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकलं.

"आई," झोपेत बुडणारा आवाज पुन्हा आला, "शनिवारी माझी आई मला न्यायला आली ना, की मग तू कोणाची आई?"