वादळाची वर्दी

ट्रॉटमन साहेब दारात येऊन उभे राहिले तेव्हा मिस इव्हॅडनी शेगडीवर मक्याचं पीठ घोटत होती. साहेबांनी हॅट काढली नाही. काम घाईचं आहे, हे तिनं तेवढ्यावरूनच ओळखलं.

"ब्रिजटाउनच्या वेधशाळेची तार आलीय," ते म्हणाले. "वादळ येतंय. दुपारपर्यंत पोचेल. तुला शाळेत हलायला हवं."

तिचा हात थांबला नाही. "होड्या तर पहाटेच गेल्यात."

"त्यांना परत बोलवायला कड्यावर निशाण घेऊन माणूस पाठवलाय."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. समुद्र शिशासारखा दिसत होता आणि वारा अगदी पडला होता. मागच्या मोठ्या वादळाआधीही तो असाच पडला होता. त्या वादळानं तिचा नवरा सीवर्ड नेला. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. कंदील घेऊन किनाऱ्यावर शोधायला निघालेल्यांत ट्रॉटमन सगळ्यांच्या पुढे होते.

तसे ते प्रत्येकच गोष्टीत पुढे असत. साखर कारखान्यात हिशेबनीस होते, आणि वडिलांमागं किनाऱ्याची जमीनही त्यांच्याकडं आली होती. बत्तीस वर्षं ते गावाच्या मंडळावर होते. शाळेचं छप्पर, रस्त्यावरचा नळ, क्रिकेटचं मैदान, गरिबाची शवपेटी, सगळ्या कागदांवर त्यांचीच बारीक, सरळ सही. कुठल्या घरात कोण आजारी आहे, हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळायचं.

जमीन त्यांची आणि घरं लोकांची, अशी त्या बेटावरची पद्धत. नुसत्या दगडांवर ठेवलेली लाकडी घरं. दोन वर्षं ते सांगत होते की समुद्र किनारा खातोय, वर टेकडीवर चला. अकरा कुटुंबांनी ऐकलं. फळ्या सुट्या केल्या, गाडीत घातल्या आणि वर नेऊन पुन्हा जोडल्या. गाड्या साहेबांनीच दिल्या, खिळेही दिले. लोकांनी दुवा दिला.

बारावं घर मिस इव्हॅडनीचं. साहेब तीनदा तिच्याकडं आले होते आणि तीनदा तिनं त्यांना परत पाठवलं होतं. टेकडीवरून समुद्र दिसत नाही, आणि सीवर्ड तर समुद्रात आहे. दुसरं कारण तिच्याकडं नव्हतं. तिला ते पुरेसं होतं. शेवटच्या खेपेला तर ती साहेबांना लहानपणच्या नावानं हाक मारून म्हणाली होती, "लिव्ही, ज्या घरात शेगडी पेटती आहे त्याला जमीनमालकानं हात लावायचा नाही, ही रीत तुझ्या बापानं पाळली. तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. मला समुद्र शिकवू नकोस."

साहेब हसून निघून गेले होते. आवाज त्यांनी कधीच चढवला नाही.

आजही चढवला नाही. आभाळाकडं बघत ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी सीवर्डही म्हणाला होता, अजून वेळ आहे."

मिस इव्हॅडनीनं पळी खाली ठेवली. शाल घेतली, सीवर्डचा फोटो घेतला. बाकी राहू दे, उद्या सकाळी परत येशीलच, असं साहेबांनी सांगितलं. मग म्हणाले, "शेगडी विझव. वाऱ्यानं ठिणगी उडाली तर तुझ्याच हातानं घर जळायचं."

सीवर्ड गेल्यापासून ती शेगडी कधी पुरती थंड झाली नव्हती. रात्री ती राखेखाली निखारा झाकून ठेवायची. आज तिनं तांब्याभर पाणी ओतलं. धुरानं दोघांचेही डोळे चुरचुरले.

साहेबांनी तिला कोपराला धरून चढ चढवला. माणसं दारादारात उभी होती, पण कुणी बोलेना. ड्रुसिला, तिची पूर्वीची शेजारीण, तिला बघून आत वळली.

"काय गं," मिस इव्हॅडनी म्हणाली, "वादळ काय मी झग्याला बांधून आणलंय?"

ड्रुसिलानं दार लावून घेतलं. भीतीनं माणसं अशी होतात, असं म्हणून मिस इव्हॅडनी पुढं चालत राहिली.

शाळेला सुट्टी होती. बाकं एकावर एक रचलेली. आत कुणीच नव्हतं. बाकीचे कुठं आहेत, असं तिनं विचारलं. येतायत, म्हाताऱ्या माणसांना आधी आणायचं असतं, असं साहेब म्हणाले. त्यांनी वही उघडली, तिचं नाव लिहिलं, पुढं वेळ घातली. 'घर सोडून स्वखुशीने आले' अशा ओळीखाली तिची सही घेतली. मंडळाला यादी द्यावी लागते ना. मग बिस्किटं आणि पाण्याची सुरई ठेवून त्यांनी खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या.

"मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

ती अंधारात बसून राहिली. थोड्या वेळानं किनाऱ्याकडून हातोड्यांचे आवाज येऊ लागले. खिडक्यांवर फळ्या ठोकत असतील. तिनं त्या सगळ्यांसाठी प्रार्थना केली, ड्रुसिलासाठी दोनदा. हातोडे बराच वेळ चालले, मग थांबले. आता वारा सुटेल म्हणून तिनं भिंतीला पाठ टेकवली.

वारा सुटला नाही. झडपेच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली आणि हळूहळू जमिनीवरून सरकत राहिली. दुसरं कुणी आलं नाही.

मग शंख वाजला. होड्या मासळी घेऊन आल्या की वाजवतात तो, सावकाश, लांबवर जाणारा. पाठोपाठ बायकांची घासाघीस ऐकू आली, रोजच्यासारखी.

मिस इव्हॅडनीनं झडप ढकलली. आभाळ निवळलं होतं. चढावरून एक लॉरी येत होती. मागं फळ्या रचलेल्या, त्यांवर तिच्या घराचं निळं दार आडवं टाकलेलं, आणि त्या दारावर ड्रुसिलाचा नवरा नि मंडळाचे आणखी तिघं मान खाली घालून बसलेले.

नाक्यावर ट्रॉटमन साहेब होते. हॅट त्यांनी काढून छातीशी धरली होती. दुसरा हात वर करून त्यांनी रहदारी थांबवली आणि लॉरीला वाट करून दिली. लॉरी टेकडीवरच्या नव्या घरांकडं वळली नाही. जुनं लाकूड जाळतात त्या चुन्याच्या भट्टीकडं वळली.