जुन्या पानावरची पोरं

फोन गेवराईच्या परीक्षा केंद्रावरून होता. तिथले सोमेश्वर सर म्हणाले, "मॅडम, दुसरा भाग उघडंना. साठच्या साठ पोरांचं नुसतं गोल फिरायलंय."

बीडच्या ऑफिसात संगीतानं लॅपटॉप पुढं ओढला. फुकट शिकवणी देणाऱ्या संस्थेची ही परीक्षेची वेबसाइट तिच्याच हातातली. दहा मिनिटांपूर्वी तिनं तिची नवी आवृत्ती चढवली होती. कशासाठी, तर वरच्या पट्टीत संस्थेचं नाव वाकडं दिसत होतं म्हणून! उद्या केलं असतं तर कुणाचं काय अडणार होतं? वर पुन्हा नको तिथं टापटीप. नवं चढताच जुन्या फायली झाडून पुसून टाकल्या. पोरं तर सकाळपासून जुन्याच पानावर बसलेली. ते पान दुसऱ्या भागासाठी जुनी फाइल मागत होतं, आणि ती जाग्यावर नव्हती.

आणि संगीता तर मेंढपाळाची लेक. मुक्काम हलला तरी मागं राहिलेलं शेवटचं मेंढरू येईपर्यंत तिचा बाप जुन्या जागेवरची मेंढरं कोंडायची जाळी काढत नसे.

"कुणालाच कशाला हात लावू देऊ नका," ती म्हणाली. पान बंद करून परत उघडलं, की सोडवलेलं सगळं जाणार. बरोबर बाराला परीक्षा आपोआप बंद होणार. फुकट शिकवणीच्या जागा चाळीस, आणि फी झेपत नाही अशाच घरची पोरं तिथं बसलेली.

जुन्या फायली लॅपटॉपवर सापडल्या, नशीब म्हणायचं. पण घाईत पासवर्ड दोनदा चुकला. तिनं मनातल्या मनात नारायणगडाच्या देवाला नारळ बोलला, आणि एकेक फाइल परत जाग्यावर ठेवली.

"आता बटण दाबायला सांगा, सर."

पलीकडं सरांनी पोरांना बटण दाबायला सांगितलं.

"उघडायलंय," सर म्हणाले. "उघडलं सगळ्यांचं. एक राजनंदिनी म्हणून पोरगी हाय, तिनं तेवढं घाबरून आधीच पान बंद करून उघडलं होतं. तिचं सगळं कोरं झालंय. पहिल्यापासून सोडवायलीय."

घड्याळात बारा वाजायला तेरा मिनिटं होती.

"रडायलीय का?" संगीतानं विचारलं.

"न्हाई. चूक माझीच हाय म्हणती. मॅडमला तेवढं सांगू नका म्हणती."