पिवळ्या टोप्या

सणासुदीची गर्दी उसळली की गाइड आपल्या पाहुण्यांना पिवळ्या टोप्या द्यायचा आणि वळणावळणाला टोप्या मोजायचा. वीस वर्षांत त्यानं एकही पाहुणा हरवू दिला नव्हता. आई म्हणायची, "मलाही राजवाडा दाखव की एकदा." तो म्हणायचा, "एवढा सीझन जाऊ दे."

आज राजवाड्याच्या दारात पहारेकऱ्यानं हटकलं, "साहेब, मागे एक म्हातारी आहे, बिनटोपीची. तुमचीच का?"

गाइडनं नुसत्या टोप्या मोजल्या. बरोबर बारा.

"आमची नाही. फुकटे लागतातच मागे. हाकलून दे."

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा आई सुजलेले पाय चोळत बसली होती.

"छान सांगतोस रे," ती म्हणाली. "दारापर्यंतचं सगळं ऐकलं. आतलं तेवढं राहिलं."