हार्डली

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात शिंपीकाका रोज तीच चूक करायचे. “आय हार्डली डोन्ट टॉक टू एनीवन.”

“काका, ‘हार्डली’ म्हणजे जवळपास नाहीच. नकार त्यातच आला. वर पुन्हा ‘डोन्ट’ कशाला?” त्यांच्या बाकाशी थांबून मी रोज नव्याने समजावायचे. ते मन लावून मान डोलवायचे.

काल मी फळा पुसत होते, तर मागे काका शेजारच्या मावशींची नेमकी हीच चूक सुधारत होते. अगदी माझ्याच शब्दांत.

“अहो काका, येतंय की तुम्हाला! मग रोज मुद्दाम कशाला चुकता?”

ते ओशाळून हसले. “बरोबर आलं, की तुम्ही ‘गुड’ म्हणून पुढच्या बाकाकडे जाता, बाई.”