चोळलेले तळवे

शस्त्रक्रियेनंतर आखडलेला खांदा मोकळा करायला इरावती यंत्रापुढे बसली. यंत्राचे तळवे कोमटच होते, तरी तिला शिवण्याआधी ते एकमेकांवर खसाखसा चोळले गेले. तिच्या अंगावर काटा आला. याच इस्पितळात फिजिओथेरपी करणारी तिची आई अशीच हात गरम करून पेशंटला शिवायची.

“हात कुणाचे आहेत हे?”

“प्रमिला मॅडमचे,” तंत्रज्ञ कौतुकाने म्हणाला. “त्यांच्या हातांची हालचाल नोंदवून ठेवलीय. आता सगळ्या शाखांत तेच चालतात.”

“आईच्या तेराव्याला हार घेऊन आलात, तेव्हा बोलला नाहीत. तिला तरी विचारलं होतं?”

“ते नोकरीच्या कामातच धरतात, ताई, वेगळं विचारत नाहीत. बंद करू?”

ती ‘हो’ म्हणणार, तोच हात दुखऱ्या जागेच्या अलीकडे थांबले, आई थांबायची तसे. संतापलेल्या इरावतीचा खांदा तिला न विचारता सैल पडला.