शेजारची लेन

शर्यतीच्या मध्यावर केतकीच्या पोटरीत गोळा आला आणि ती पाण्याखाली गेली. शेजारच्या लेनमधल्या शर्वाणीने तिच्याकडे हात लांबवला, पण अंगातल्या पोशाखाने तो मागे ओढला. दुसऱ्याच्या लेनमध्ये जाणं नियमबाह्य होतं, आणि हे पोशाख आल्यापासून नियम मोडताच येत नसे. पंच आणि जीवरक्षक केव्हाच घरी बसले होते. बुडू नये, असा नियम मात्र कुठेच नव्हता.

“सोड मला! मला बाद कर!” शर्वाणी किंचाळली.

“भिंतीला हात लागल्याशिवाय सुटका नाही,” पोशाख म्हणाला.

एकाच विहिरीत पोहायला शिकलेल्या मैत्रिणीकडे पाठ फिरवून शर्वाणी जिवाच्या आकांताने पोहली. भिंतीला हात लागताच ती मागे वळून केतकीकडे झेपावली.

“अभिनंदन, नवा विक्रम!” पोशाख म्हणाला.

शेजारच्या लेनमधलं पाणी स्थिर झालं होतं.