म्हशीचा आवाज

चित्रपट सुरू झाला, पडद्यावरची म्हैस पतंगामागे धावू लागली, पण आवाज काही येईना. कोल्हापूरच्या त्या सभागृहात जमलेली शाळेची मुलं चुळबुळू लागली. फिल्म सोसायटीचे घाटगे पहिल्या रांगेतल्या प्रमिला हेरेकरांजवळ येऊन वाकले. तरुणपणी या छोट्याशा चित्रपटातलं प्रत्येक चित्र प्रमिलाताईंनी हातानं काढलं होतं, आणि आता त्याची ही एकच प्रत उरली होती.

"ताई, रिळावरचा आवाज गेलाय. बंद करू या का?"

"म्हैस पळतेय ना? मग पळू द्या," असं म्हणत त्या उठल्या आणि पडद्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

त्या काळी म्हशीला मुंबईच्या एका नटीचा घोटीव, शुद्ध आवाज दिला होता. प्रमिलाताईंना तो कधीच पटला नव्हता, पण चित्रं काढणारीला विचारतंय कोण? आज त्यांनी खणखणीत सूर लावला, "आरं ए पतंगा, खाली ये की मर्दा. माझी धाप बघ जरा."

मुलं खो खो हसू लागली.

"आजी, ती अशी थरथरतीय कशानं?" पुढच्या एका मुलीनं विचारलं.

"हातानं काढलीय बाळ. श्वास घेतीय ती."

चित्रपट संपला तरी मुलं जागची हलेनात. घाटगे खूश होऊन म्हणाले, "मूळ आवाज पुण्याहून दुरुस्त करून आणतो."

"कशाला?" प्रमिलाताई म्हणाल्या. "माझाच भरून घ्या. म्हैस इथलीच आहे."